चालून पाहिलेली घरं

कुंभिवलीत आम्हाला नऊ वर्षं झाली. आम्ही म्हणजे आम्ही दोघं नवराबायको, आठवीत जाणारी थोरली, दुसरीतला धाकटा आणि अब्बा. एकाची नोकरी इथल्या कारखान्यात, पाळ्यांची. दुसरीचं घरी शिलाई मशीन. घर भाड्याचं. मालकांच्या मुलाचं लग्न ठरलं, त्यांना खोल्या लागणार, हे त्यांनी सहा महिने आधी चहाला बोलावून, अगदी संकोचत सांगितलं. शेवटी आम्हीच म्हटलं, काका, घर तुमचं आहे, यात लाजायचं काय? तेव्हापासून आमच्या दस्तरख्वानावर एकच विषय आहे: आता जायचं कुठे?

ज्यांनी हा भाग पाहिलेला नाही त्यांच्यासाठी थोडं सांगतो. कुंभिवली खालापूर तालुक्यात, सावरोली-खारपाडा रस्त्यावर आहे. पुण्याकडच्या द्रुतगती मार्गावरची अवजड वाहनं या रस्त्याने पेणच्या बाजूला, गोवा महामार्गाकडे जातात. त्यात इथले कारखाने वाढले, तसे कंटेनर आणि टँकरही वाढले. गावातल्या गल्लीत तुम्ही निवांत चालाल. पण गल्ली संपून मोठा रस्ता लागला की पायी माणसाला उरते ती कडेची माती, आणि पावसाळ्यात ती मातीही चिखलाखाली जाते. शाळा, दवाखाना, जुम्याची नमाज, मटण, औषधं, सगळं सहाआसनी रिक्षाने खोपोलीला जाऊन. रिक्षा भरेपर्यंत थांबायचं आणि भरली की गुडघे जवळ घेऊन बसायचं.

अब्बा एस.टी.त कंडक्टर होते, कर्जत डेपोला. एकतीस वर्षं त्यांनी माणसांना चढवलं-उतरवलं. आता गुडघे दुखतात, सहाआसनीची पायरी चढवत नाही, आणि मोठ्या रस्त्याने चालत जाऊ द्यायला आमचं मन धजत नाही. मग ते अंगणात खुर्ची टाकून बसतात. शेजारी चांगले आहेत, येता-जाता थांबतात, भात लावणीचं बोलतात. पण ज्या माणसाला तालुक्यातला प्रत्येक थांबा तोंडपाठ आहे, त्याचं जग एका अंगणाएवढं झालेलं रोज पाहणं सोपं नाही.

घर बघायला लागल्यावर आमच्या लक्षात आलं की, आम्हाला सल्ला देणारे दोन प्रकारचे आहेत. नातेवाईक विचारतात: आपले लोक किती आहेत, मशीद किती लांब? दलाल विचारतात: गाडी आहे का, पार्किंग किती पाहिजे? आमच्याकडे गाडी नाही, एक जुनी मोटारसायकल आहे आणि तीही पाळीला जाते. म्हणजे आमचं घर ज्यांनी दिवसभर वापरायचं ती चार माणसं पायी चालणारी. त्यामुळे आम्ही ठरवलं की, घर आधी आतून पाहायचंच नाही. आधी बाहेरून चालून पाहायचं, आणि तेही अब्बांना बरोबर घेऊन.

यातून आमचं एक माप तयार झालं. अब्बा साधारण तीन-चार मिनिटं चालले की त्यांना बसावं लागतं. दुकानाची पायरी, पाराचा कट्टा, कुणाचा ओटा, काहीही चालतं. मशीद दोन बैठकींवर, बाजार तीन बैठकींवर, अशी आमची मोजणी. या मोजणीत एक गोष्ट आपोआप येते. अंतर कमी असून वाटेत टेकायला जागाच नसेल, तर अब्बांसाठी ती वाट नाही. आणि बसायला जागा आहे म्हणजे तिथे कुणीतरी बसलेलं असतं, त्याच्याशी बोलणं होतं. इंडियन रोड्स काँग्रेस नावाची संस्था देशातल्या रस्त्यांची मानकं ठरवते. तिच्या हिशेबाने पदपथाची मोकळी रुंदी निदान १.८ मीटर हवी. आम्ही चार-पाच महिने या पट्ट्यात फिरलो, एवढा सलग मोकळा पदपथ आम्हाला एका नव्या संकुलाच्या भिंतीच्या आतच मिळाला.

ते संकुल कर्जत गावाबाहेर. मुलांना पाहताक्षणी आवडलं. पोहण्याचा तलाव, झोपाळे, दोन्ही बाजूंना झाडं, मधून चालायची वाट. खालच्या फलकावर सदनिकाधारकांची नावं वाचली तर सगळा हिंदुस्थान: मराठी, गुजराती, सिंधी, मल्याळी, दोन ख्रिस्ती आडनावं, एक खान, एक शेख. नातेवाईकांच्या प्रश्नाला उत्तर मिळालं असं वाटलं. पण आम्ही गेलो होतो मंगळवारी. त्या चालायच्या वाटेवर अर्ध्या तासात आम्हाला दोन चौकीदार, एक माळी आणि एक कुत्रा भेटला. बहुतेक घरं शनिवार-रविवारची. खानसाहेब कोण, हे चौकीदारालाही ठाऊक नव्हतं. कोथिंबीर घ्यायची तरी फाटकाबाहेर पडून वाहन करायचं. अब्बांना बसायला बाकं भरपूर होती, बोलायला माणूस नव्हता. शिलाईचं काम तर तिथे चाललंच नसतं. आमच्याकडे येणाऱ्या बायका भाजी आणायला निघालेल्या असतात, पिशवीत ब्लाऊजचा कपडा असतो, जाता जाता टाकून जातात. फाटकावर वहीत नाव लिहून, फोन करून कोण येणार फॉल-बीडिंगला?

धाकटा त्या तलावासाठी दोन दिवस रुसला होता, तेवढं नोंदवून पुढे जातो.

त्यानंतर नेरळ. तिकडे दामत, ममदापूर या बाजूला आपल्या लोकांची वस्ती जुनी आणि मोठी आहे. नेरळ म्हटलं की सगळ्यांना माथेरानची छोटी गाडी आठवते. ती रेल्वे १९०७ साली आदमजी पीरभॉय यांच्या घराण्याने, स्वतःच्या पैशाने बांधून घेतली, हे मात्र आपल्याच मुलांना माहीत नसतं. आम्ही दोन्ही मुलांना ते स्टेशनवर उभं करून सांगितलं. आणि गंमत अशी की, ती गाडी ज्या गावाला जाते त्या माथेरानात मोटारींना बंदी आहे. वाहनं दस्तुरीला थांबतात, पुढे माणसाने चालायचं. सगळ्या पंचक्रोशीत चालणाऱ्याचा मान राखणारं गाव एकच, आणि ते डोंगराच्या माथ्यावर.

असो. नेरळच्या बाजूला आम्ही जे घर पाहिलं ते मोहल्ल्यात होतं. खरं सांगायचं तर आमच्या मोजणीत त्याला तोड नव्हती. मशीद एका बैठकीवर. मकतब त्याच गल्लीत. बेकरी, मटणाचं दुकान, औषधाचं दुकान, सगळं हाताशी. अरुंद गल्ली, त्यामुळे मोटार आत येतच नाही. संध्याकाळी मुलं मधोमध खेळतात, म्हातारी माणसं ओट्यावर असतात. अब्बांना पहिल्या दहा मिनिटांत ओळखीचा माणूस निघाला, एके काळचा रोजचा प्रवासी. त्यांनी चहा पाजल्याशिवाय सोडलं नाही. किंमत आमच्या आवाक्यातली, आणि तेवढ्याच पैशांत खोपोलीपेक्षा एक खोली जास्त. 

मोहल्ल्याला नावं ठेवणं सोपं आहे. शिकलेली माणसं 'आपलेच लोक एका जागी गोळा होतात' असं सहज म्हणून जातात, पण ती का गोळा झाली हे विचारत नाहीत. मुंब्र्याचं उदाहरण घ्या. १९९२-९३ च्या दंगलींनंतर मुंबईतली किती कुटुंबं तिथे गेली! आमच्या मुंब्र्याच्या फुफू त्यातल्याच. त्या म्हणतात, आम्ही हवापालटाला नव्हतो आलो. सच्चर समितीने २००६ च्या अहवालात हेच सरकारी भाषेत लिहिलं आहे: सुरक्षिततेच्या काळजीने मुसलमान एकत्र राहायला जातात, आणि इतर वस्तीत त्यांना भाड्याने किंवा विकत घर मिळणं अवघड जातं. दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या असतात. कौशात फुफूंना पन्नास पावलांवर सगळं मिळतं, रात्री अकराला औषध मिळतं, मुली बिनधास्त क्लासला जातात. पण त्यांची नात दहावीपर्यंत शिकली आणि तिला एकही मराठी मैत्रीण नव्हती. कॉलेजला ठाण्याला गेली तेव्हा पहिले सहा महिने ती डबा वर्गाबाहेर जाऊन खायची. कुणी तिला काही म्हटलं नव्हतं. तिला सवयच नव्हती.

नेरळहून परतताना गाडीत आमच्या थोरलीने विचारलं, "इथे माझ्या वर्गात सगळ्या आपल्याच असतील का?" अब्बा म्हणाले, शाळेवर आहे, गावात सगळ्या जातीची मुलं आहेत. ते खरंच आहे, नेरळ मोठं गाव आहे. पण तिचा प्रश्न शाळेपुरता नव्हता. कुंभिवलीत गणपतीच्या दिवसांत ती शेजारच्या काकूंकडे मोदकाच्या कळ्या पाडायला बसते. काकूंना तिच्याइतक्या नाजूक कळ्या जमत नाहीत, असं काकूच म्हणतात. आणि रमजानमध्ये काकूंचा नातू अजान ऐकायला मोबाईल घेऊन आमच्या दारात उभा, कारण खजूर त्यानंतरच मिळतात हे त्याला पक्कं ठाऊक आहे. हे सगळं भिंतीला भिंत लागून असल्यामुळे होतं. मुद्दाम कुणी काही करत नाही.

कर्जत गावाबद्दल फार लिहीत नाही. आवडलं. दहिवलीकडून उल्हास नदीचा पूल ओलांडून बाजारात चालत येणं सुखाचं आहे, आणि अब्बांचं तर ते माहेर. पण पाळीची नोकरी कुंभिवलीच्या बाजूला. कर्जत-खोपोली ही १५ किलोमीटरची फाट्याची लाईन. पळसदरी, केळवली, डोळवली, लौजी करत गाडी येते, आणि एक चुकली की पुढचीची वाट बघत बसावं लागतं. रात्रपाळी सुटल्यावर ते रोज करणं शक्य नव्हतं. पनवेल-कर्जत नवी उपनगरी लाईन चौकवरून होते आहे, तिच्यामुळे पुढे काही बदलेल. पण घर आज हवं.

राहिलं खोपोली. २०११ च्या जनगणनेत कर्जतची वस्ती ३० हजारांच्या आसपास होती, खोपोलीची ७० हजारांवर. टाटांचं वीजकेंद्र आणि कारखाने यांमुळे इथे सगळ्या भागांतून माणसं आली. घाटावरची, कोकणातली, उत्तरेतली, दक्षिणेतली. म्हणजे मिसळ शोधायला लांब जायला नको, असं आम्हाला वाटत होतं.

पहिल्याच इमारतीत आम्हाला नकार मिळाला. घर रिकामं होतं, मालकाला विकायचं होतं, भाव ठरत आला होता. मग आमचं पूर्ण नाव विचारलं गेलं. दोन दिवसांनी निरोप आला की, सोसायटीने 'फॅमिलीवाल्यांनाच' द्यायचं ठरवलं आहे. आम्ही पाच जणांचं कुटुंब! अब्बा हसले, पण जेवले नाहीत. त्या इमारतीचं नाव आम्ही लिहिणार नाही. तशा इमारती सगळीकडे आहेत. कायदा काय म्हणतो हे एका ओळखीच्या वकील वहिनींना विचारलं. त्यांनी सांगितलं की, २००५ साली सर्वोच्च न्यायालयाने अहमदाबादच्या एका पारशी गृहनिर्माण संस्थेच्या खटल्यात, संस्थेला आपल्या उपविधीनुसार सभासदत्व एका समाजापुरतं ठेवता येतं, असा निकाल दिला आहे. आमच्याबाबतीत तर उपविधीत तसं काही लिहिलेलंही नव्हतं, नुसता तोंडी निरोप होता. भांडता आलं असतं. पण ज्या जिन्यात आपण नको आहोत, त्या जिन्यात कोर्टाचा कागद घेऊन राहायला जायचं आणि मुलांना तिथे खेळायला सोडायचं, हे आम्हाला जमलं नसतं. ज्यांना जमतं त्यांना आमचा सलाम.

सिंगापूरमध्ये सरकारने १९८९ पासून नियम केला आहे. सरकारी इमारतींमध्ये चिनी, मलय, भारतीय यांचं प्रमाण ठरलेलं, त्यापुढे त्या समाजाला तिथे घर विकता येत नाही. त्यामुळे इमारती मिसळलेल्या राहिल्या हे खरं. पण अल्पसंख्य माणूस घर विकायला निघाला की त्याला गिऱ्हाईक कमी मिळतात, हीही तिथली जुनी तक्रार आहे. आपल्याकडे तसा नियम नाही. आपल्याकडे मिसळ टिकते ती कुणी तरी जायचं थांबतं म्हणून, किंवा कुणी तरी यायचं ठरवतं म्हणून.

हे आम्हाला कळलं ते वाटाण्या-हरभऱ्यांमुळे. अमेरिकेत थॉमस शेलिंग नावाचे अर्थशास्त्रज्ञ होते, पुढे २००५ साली त्यांना नोबेल मिळालं. त्यांनी १९७१ मध्ये एक खेळासारखी मांडणी छापली होती, ती थोरलीच्या क्लासच्या सरांनी मुलांना करून दाखवली होती. ती आम्ही एका रविवारी बुद्धिबळाच्या पटावर करून पाहिली. थोडे वाटाणे, थोडे हरभरे, कसेही मांडायचे, काही घरं रिकामी ठेवायची. नियम एवढाच की, आपल्या आजूबाजूला निदान एक तृतीयांश आपल्यासारखे असावेत. तेवढे नसले तर उठून दुसऱ्या रिकाम्या घरात जायचं. कुणालाही कुणाचा द्वेष नाही. दोन तृतीयांश परके चालतात! धाकट्याने हरभरे सांभाळले, थोरलीने वाटाणे. अर्ध्या तासाने पटाच्या एका कोपऱ्यात हरभऱ्यांचा ढीग आणि दुसरीकडे वाटाण्यांचा. धाकटा म्हणाला, "पण कुणी भांडलं तर नाहीच!" मग त्याने दोन हरभरे खाल्ले आणि खेळ संपला.

आम्ही दोघं मात्र त्या पटाकडे बघत बसलो. नेरळला जायचं म्हणजे आम्ही कुणावर रागावून जाणार नव्हतो. एकटे पडू नये एवढीच इच्छा. पण आम्ही जिथून उठलो असतो, तिथे मागे राहिलेल्या आपल्या घराला एक शेजार कमी झाला असता, आणि मग तेही उठण्याचा विचार करू लागलं असतं. आपण घर निवडतो तेव्हा आपण फक्त घर निवडत नाही. ज्या गल्लीत जातो ती आणि जी सोडतो ती, दोन्ही आपल्यामुळे बदलतात.

अब्बांना हे सांगितलं तेव्हा त्यांनी आम्हाला बनू सलिमांची गोष्ट सांगितली. बुखारी आणि मुस्लिम या दोन्ही संग्रहांत ती आहे. बनू सलिमा हे मदिन्यातलं एक घराणं. त्यांची घरं मस्जिद-ए-नबवीपासून लांब, शहराच्या टोकाला. मशिदीजवळ जागा रिकाम्या झाल्या तेव्हा त्यांनी तिकडे राहायला यायचं ठरवलं. अल्लाहच्या रसूलांनी (स.) त्यांना आपल्याच घरांत राहायला सांगितलं, त्यांची मशिदीकडे पडणारी पावलं लिहिली जातात असं सांगितलं. एका रिवायतीत असंही आहे की, मदिन्याच्या कडा ओस पडाव्यात हे त्यांना पसंत नव्हतं. आम्ही ही गोष्ट पावलांच्या सवाबासाठी अनेकदा ऐकली होती. कडांचा भाग आम्ही पहिल्यांदाच लक्ष देऊन ऐकला. अब्बा मात्र गोष्ट संपवून लगेच म्हणाले, "बनू सलिमांचे गुडघे दुखत असतील असं कुठे लिहिलेलं नाही. मला लांब नका नेऊ."

तर आम्हाला असं घर हवं होतं: मशीद अब्बांच्या पायांना झेपेल एवढी लांब, शेजार मिसळलेला, पण आम्ही त्यात एकटे नाही. खोपोलीत जुन्या बाजाराच्या मागे एक गल्ली आहे, तिथे ते मिळालं. तीसेक घरं. त्यात आपली पाच. बाकी मराठा, आगरी, बौद्ध, दोन उत्तर भारतीय, एक कानडी बोलणारे आजोबा. नावांच्या पाट्या एकाही दारावर नाहीत. हे सगळं आम्हाला गल्लीतल्या पिठाच्या गिरणीवर बसून कळलं. गिरणी ही मोठी सोयीची जागा. डबा ठेवायचा आणि थांबायचं, कुणी 'इथे का बसलात' विचारत नाही. आम्ही तिथे तीन वेळा गेलो: सकाळी, दुपारी आणि मगरिबनंतर. मशीद दोन बैठकींवर. पहिली बैठक गिरणीच्या पायरीवर, दुसरी एका सायकलवाल्याच्या दुकानासमोर. शाळा बारा मिनिटं. शिलाईला तर सोन्यासारखी जागा, सगळ्या बायका त्याच गल्लीतून बाजारात जातात.

उणिवाही सांगायला हव्यात. घर तळमजल्याचं आहे, अब्बांसाठी तेच हवं होतं, पण मागची भिंत ओल धरते. नेरळपेक्षा एक खोली कमी, थोरलीला अभ्यासाला वेगळी जागा नाही. शाळेच्या वाटेत जुना मुंबई-पुणे रस्ता ओलांडावा लागतो आणि तिथे वाहनं थांबत नाहीत. गल्लीच्या दुसऱ्या टोकाला दिवा नाही.

आणि सगळ्यात मोठी उणीव आमच्या अम्मींनी, म्हणजे मुलांच्या नानींनी काढली. त्या फोनवर म्हणाल्या, "पाच घरं म्हणजे काय? उद्या काही झालं तर जाल कुठे?" या प्रश्नावर आम्ही दोघं त्या रात्री उशिरापर्यंत बोललो. त्यांना घाबरट म्हणणं हा अन्याय आहे. त्यांनी त्र्याण्णवचा जानेवारी मुंबईत काढलेला आहे, एका ख्रिस्ती कुटुंबाच्या माळ्यावर, चार दिवस. आम्ही त्यांना एवढंच म्हटलं की, अम्मी, तो माळा शेजाऱ्याचाच होता. त्या बराच वेळ गप्प राहिल्या. मग म्हणाल्या, त्यांच्या घरी बारा वर्षं जाणं-येणं होतं आमचं, एका दिवसात कुणी माळा उघडत नाही. ते त्यांचं बरोबरच होतं. आमचा कुणाला पटवायचा आग्रह नाही. ज्यांनी मोहल्ल्यात घर घेतलं, त्यांच्या कारणांपुढे आम्ही काही बोलू शकत नाही, आणि उद्या आमच्यावरही ती वेळ आली तर आम्हीही तिकडेच जाऊ.

व्यवहार झाला तो सरळ. विकणाऱ्या काकू एकट्या आहेत, मुलाकडे पुण्याला चालल्या आहेत. त्यांनी आमचं पूर्ण नाव विचारलं, लिहून घेतलं, आणि पुढचा प्रश्न विचारला की पाणी सकाळी साडेपाचला येतं, तेव्हा कुणी जागं असतं का? आम्ही म्हटलं, फजरला आम्ही उठतोच. त्या म्हणाल्या, मग बरं, शेजारच्या म्हाताऱ्यांची टाकी मी भरून देत होते, आता तुम्ही द्याल. हे साठेखतात कुठे नाही, पण आमच्या मते तीच मुख्य अट आहे.

इसार दिला आहे. खरेदीखत पावसाळा उलटल्यावर. ओलीसाठी गवंडी पाहून गेला, बाहेरून गिलावा काढावा लागेल म्हणतो. दिव्यासाठी नगरपालिकेत अर्ज दिला आहे. त्यावर गल्लीतल्या एकोणीस घरांच्या सह्या आहेत, आमची विसावी, अजून राहायला न आलेल्यांची. रस्ता ओलांडायच्या जागी पट्टे मारून मिळावेत असा दुसरा अर्ज थोरलीने स्वतः लिहिला आहे, तिच्या शाळेतल्या मुली त्यावर सह्या गोळा करत आहेत. अब्बांना काळजी वेगळीच आहे. सायकलवाल्याच्या दुकानासमोरची पायरी सकाळी उन्हात असते, आणि पावसात तर तिथे पन्हाळ गळतं. परवा ते स्वतः जाऊन त्याच्याशी बोलून आले. तो म्हणाला, चाचा, आतमध्ये स्टूल आहे, पण ट्यूब बदलायला गिऱ्हाईक आलं की उठावं लागेल.